लोलिता फॅशन: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

टोकियोतल्या वास्तव्याबद्दल लिहायला लागले तेव्हा वाटलं होतं, लोक भूकंप, घरभाडं आणि शाकाहारी जेवण याबद्दल विचारतील. विचारतातही. पण एकदा ओमोतेसांदोच्या सिग्नलला लेसच्या छत्र्या घेऊन थांबलेल्या दोन बायकांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्याच फुगलेल्या झग्यांबद्दल येतात. तेच ते उत्तर वेगवेगळ्या लोकांना टाइप करून कंटाळले, म्हणून हे एकत्र. काही प्रश्नांची भाषा सौम्य केली आहे. कुठल्या, ते विचारणाऱ्यांना कळेल.

१. लोलिता फॅशन म्हणजे नेमकं काय?

जपानमध्ये, मुख्यतः टोकियोच्या हाराजुकू भागात, १९७० ते ९०च्या दशकांत घडत गेलेली वेशभूषा. गुडघ्यापर्यंत येणारा, घंटेसारखा फुगलेला स्कर्ट, झालरी, लेस, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, लांब मोजे, गोल टोकाचे पट्ट्याचे बूट आणि डोक्यावर रिबीन, बो किंवा बॉनेट. प्रेरणा युरोपातल्या रोकोको आणि व्हिक्टोरियन काळाची, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांची, त्यातही लहान मुलींच्या कपड्यांची. पण युरोपात असा पोशाख कधीच कोणी घातला नव्हता. व्हिक्टोरियन काळातली मोठी बाई पोटऱ्या उघड्या टाकून घराबाहेर पडली नसती. तेव्हा ही जुन्या युरोपची नक्कल नव्हे. टोकियोत बसून कल्पिलेला तो युरोप आहे. हे कपडे घालणारीलाही ‘लोलिता’च म्हणतात, त्यामुळे वाक्यात गोंधळ होतो. या पानावर मी शक्यतो ‘घालणाऱ्या’ असं लिहिलं आहे.

२. हे नाव त्या कादंबरीवरूनच आलं ना? मग मुली ते मिरवतात कशा?

शब्द तिथलाच. नाबोकोव्हची ‘लोलिता’ १९५५ची, आणि तिच्यात बारा वर्षांच्या मुलीचं शोषण करणारा माणूस स्वतःच गोष्ट सांगतो. पण शब्द जपानमध्ये पोहोचला आणि त्याला दोन फाटे फुटले. एक ‘लोरिकॉन’, म्हणजे लहान मुलींबद्दलची पुरुषांची विकृत ओढ. दुसरा फाटा मुलींच्या बोलण्यातला: गोड, नाजूक, बाहुलीसारखं. कपड्यांना चिकटला तो दुसरा अर्थ. पहिला मात्र शेजारीच राहतो, आणि कितीही हाकलला तरी पाहुण्यांच्या समोर दार उघडून येतो.

घालणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं समजू नका. काही जणी जपानीत हा शब्द लिहिताना दीर्घ स्वराच्या रेघेऐवजी एक जुनं अक्षर घालतात, जे १९४६च्या लेखनसुधारणेत रोजच्या वापरातून गेलं. उच्चारात फारसा फरक नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की ही आमची लोलिता, तुमची नव्हे. जपानबाहेर बऱ्याच जणी नुसतं ‘ईजीएल’ म्हणतात (एलिगंट गॉथिक लोलिता, हे कुठून आलं ते प्रश्न ४ मध्ये).

आपल्याकडे म्हणतात, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे उलटा प्रकार झालाय. वाळा सोन्याचा आहे, नावच कथलाचं निघालं. कपड्यामागची भावना काय, ते प्रश्न १० मध्ये सविस्तर आहे.

३. म्हणजे कॉस्प्लेच की! कुठल्या ॲनिमेमधलं पात्र आहे हे?

कुठल्याच नाही. कॉस्प्लेमध्ये तुम्ही दुसरं कोणीतरी होता: ठरलेलं पात्र, ठरलेला वेश, बहुतेक वेळा ठरलेला कार्यक्रम. लोलितामध्ये तुम्ही तुम्हीच असता, फक्त जास्त झालरींत. हे कपडे घालून बँकेत जाता येतं, केक खाता येतो, ट्रेन चुकवता येते. घालणारीला ‘छान कॉस्प्ले केलाय’ म्हटलं तर ती हसून मान डोलवेल, पण नऊवारी नेसलेल्या बाईला ‘कुठल्या नाटकात काम करता?’ विचारल्यावर तिला जे वाटेल तेच हिलाही वाटतं.

गोंधळ व्हायला कारण आहे. ॲनिमेत असे झगे घातलेली पात्रं ढिगाने असतात. आणि बाजारात ‘लोलिता ड्रेस’ या नावाखाली चमचमत्या सॅटिनचे, पातळ लेसचे कॉस्प्ले-झगेच विकले जातात. आपल्याकडच्या अनेकांनी पहिली लोलिता पाहिलेली असते ती हीच.

४. हे सुरू कोणी केलं?

एका माणसाचं नाव देता येत नाही, पण दुकानांची नावं देता येतात. १९७० साली हाराजुकूत ‘मिल्क’ उघडलं. १९७३मध्ये इसाओ कानेको यांचं ‘पिंक हाउस’ आलं, फुलाफुलांचं आणि झालरींचं. १९७९ साली ‘प्रिटी’ नावाचं दुकान निघालं, तेच पुढे ‘अँजेलिक प्रिटी’ झालं. १९८८मध्ये ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ आलं. एवढं लांबलचक नाव एका ब्रिटिश बँडच्या अल्बमवरून घेतलेलं, पण सगळे त्याला नुसतं ‘बेबी’ म्हणतात. ओसाकातून १९९३मध्ये ‘मेटामॉर्फोझ’. याच काळात जपानी मुलींमध्ये ‘कावाई’ची, म्हणजे गोंडसपणाची, लाट होती. सत्तरच्या दशकात शाळकरी मुली गोलगोल, फुगीर अक्षर काढू लागल्या होत्या आणि काही शाळांनी त्या अक्षरावर बंदी घातली होती. फुगीर अक्षरापासून फुगीर स्कर्टापर्यंतचा रस्ता फार लांब नाही.

काळा रंग आला संगीतातून. ‘मालिस मिझेर’ या बँडचा गिटारवादक माना रंगमंचावर बाईच्या वेशात, पायघोळ काळ्या झग्यांत उभा राहायचा. १९९९मध्ये त्याने ‘मुआ-मेम-मुआतिए’ हा स्वतःचा ब्रँड काढला आणि ‘एलिगंट गॉथिक लोलिता’ हे नावही त्याचंच. रविवारी हाराजुकू स्टेशनजवळच्या जिंगू पुलावर त्याच्या चाहत्या नटून जमायच्या. २००१मध्ये ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ हे मासिकासारखं जाड पुस्तक निघू लागलं. त्यात फोटोंबरोबर शिवणाचे कागदी नमुनेही असत. ज्या गावात असं दुकान नाही तिथल्या मुलीला घरच्या मशीनवर झगा शिवता येऊ लागला, आणि माझ्या मते या फॅशनचा खरा प्रसार तिथून झाला.

मग २००४चा सिनेमा, ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’. नोवाला ताकेमोतो यांच्या २००२च्या कादंबरीवरचा. नायिका भाताच्या शेतांच्या गावात राहते आणि ‘बेबी’चे कपडे घ्यायला तासन्‌तास ट्रेनने टोकियोला जाते. जपानबाहेर ही फॅशन अनेकांना कळली ती या सिनेमामुळे. २००९मध्ये तर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना ‘कावाई’ दूत नेमलं, त्यांतली मिसाको आओकी ही लोलितासाठी. ती मॉडेल, पण व्यवसायाने परिचारिकाही. तिचं नाव पुढे परत येईल.

५. एका पोशाखात काय काय असतं? नुसता ड्रेस घेतला तर चालणार नाही का?

नाही, आणि नवख्या इथेच फसतात. मुख्य कपडा तीनपैकी एक असतो: ‘जेएसके’ म्हणजे बिनबाह्यांचा झगा, ज्याच्या आत ब्लाउज लागतोच, ‘ओपी’ म्हणजे बाह्यांसकट अखंड झगा, किंवा नुसता स्कर्ट. बाकीचं सगळं त्याच्याभोवती जुळवायचं. या जुळवाजुळवीला ‘कोऑर्ड’ म्हणतात.

अंगावर चढवायचा क्रम साधारण असा: आधी ब्लूमर्स, म्हणजे झालरीची सैल चड्डी, जी दिसायची नसते पण जिन्यावर अब्रू राखते. मग मोजे, मग ब्लाउज, मग पेटीकोट, मग झगा. पाठीच्या नाड्या आवळायला कोणीतरी लागतं, नाहीतर हात मागे नेऊन दहा मिनिटं. मग केस किंवा विग, डोक्यावरचा बो, मनगटाच्या पट्ट्या, अंगठ्या, पिशवी. बूट शेवटी, कारण एकदा फुगा चढला की स्वतःचे पाय दिसत नाहीत. सगळं मिळून तास-दीड तास सहज जातो.

रंगांचा हिशेब काटेकोर असतो. झग्यात गुलाबी, पांढरा आणि तपकिरी असेल तर मोज्यापासून बोपर्यंत तेच तीन फिरवायचे. आणि गुलाबी म्हणजे कुठलाही गुलाबी नव्हे. ‘अँजेलिक प्रिटी’चा गुलाबी आणि ‘बेबी’चा गुलाबी शेजारी ठेवून तासभर वाद घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीससाठी लक्ष्मी रोड पालथा घातलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

६. स्कर्ट इतका फुगतो कसा? आत तारा असतात का?

सहसा नाही. आत पेटीकोट असतो, जपानीत ‘पानिए’. मराठीत पेटीकोट म्हटलं की आपल्याला परकर आठवतो, पण काम बरोबर उलटं. साडीखालचा परकर स्वतः दिसू न देता निऱ्या धरून ठेवतो, हा वरच्या कापडाला ढकलून बाहेर काढतो. जाळीच्या किंवा ऑर्गँडीच्या कापडाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त चुण्या. घेरात मीटरच्या मीटर कापड जातं. जाळी जास्त ताठ पण मोजे ओरबाडते. ऑर्गँडी मऊ पण लवकर बसते. बसलेला पेटीकोट उलटा टांगून ठेवायचा किंवा वर दुसरा चढवायचा. फुगा नसेल तर महागातला महाग झगाही नाइट गाउनसारखा लोंबतो.

७. स्वीट, गॉथिक, क्लासिक यांत फरक काय?

स्वीट (जपानीत ‘आमारोरी’): फिके रंग, केक, ससे, स्ट्रॉबेरी, झुल्याचे घोडे छापलेलं कापड, मोठाले बो. ‘बेबी’चं उसाकुम्या हे सशाची टोपी घातलेलं अस्वल याच घरातलं. गॉथिक (‘गोसुरोरी’): काळा, गडद लाल, गडद निळा, क्रॉस, चर्चच्या खिडक्या. क्लासिक: तपकिरी, वाइन, हस्तिदंती, लहान फुलं, कमी फुगा. ‘व्हिक्टोरियन मेडन’ आणि ‘इनोसंट वर्ल्ड’ ही यातली ओळखीची नावं.

याशिवाय खलाशी कॉलरचा सेलर, टोपलीसारखी हॅट घालायचा कंट्री, किमोनोच्या बाह्यांचा ‘वा’, चिनी धाटणीचा ‘ची’, असे बरेच. पाठ करायची गरज नाही. बहुतेक जणी स्वीटपासून सुरुवात करतात, मग क्लासिककडे सरकतात. कपाटातले जुने गुलाबी विकून नवे तपकिरी घेण्याचा एक टप्पा जवळपास ठरलेला.

८. एका ड्रेसला इतके पैसे? खरंच?

मोठ्या जपानी ब्रँडचा नवा जेएसके साधारण ३०,००० येन किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे ढोबळमानाने १६ ते १८ हजार रुपयांपासून पुढे. त्यावर ब्लाउज, मोजे, बूट, डोक्यावरचं. भारतात मागवलं तर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी वेगळी. कारण कापड जास्त, शिवण बारीक, लेस सुती आणि घट्ट विणीची. शिवाय छापील डिझाइन ब्रँड स्वतः काढून घेतो आणि माल थोडाच निघतो. गाजलेलं प्रिंट विक्रीच्या दिवशी काही मिनिटांत संपतं.

पण घालणाऱ्या बायका सगळ्या श्रीमंत असतात ही समजूत चुकीची. अर्ध्याहून जास्त व्यवहाराचा जीव सेकंडहँडवर आहे, निदान मी पाहिलेल्या कपाटांवरून तरी. टोकियोत ‘क्लोझेट चाइल्ड’सारखी दुकानं फक्त असे जुने कपडे विकतात. प्रत्येकावर चिठ्ठी असते आणि तिच्यावर दोष इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले की घेणाऱ्यालाच लाज वाटावी: ‘डाव्या बाहीच्या आत बारीक डाग’, ‘सुटं बटण नाही’. चांगला ठेवलेला, दुर्मीळ झगा मूळ किमतीपेक्षा महागही जातो. ‘ड्रीम ड्रेस’ म्हणून एखादं जुनं प्रिंट वर्षानुवर्षं शोधणाऱ्या असतात. नव्या वर्षात दुकानं ‘फुकुबुकुरो’ काढतात: ठरलेल्या किमतीची बंद पिशवी, आत काय निघेल ते नशीब.

९. त्या रोज असेच कपडे घालतात का?

अगदी थोड्या. त्यांना ‘लाइफस्टाइलर’ म्हणतात. बाकीच्यांना नोकरी असते आणि जपानी ऑफिसात बोटभर लेसही खपत नाही. त्यामुळे शनिवार-रविवार आणि चहापार्ट्या. जूनचा आणि डिसेंबरचा पहिला शनिवार जगभर ‘लोलिता दिन’ म्हणून पाळतात, त्या दिवशी मात्र बऱ्याच जणी बाहेर पडतात.

१०. ताई, खरं सांगा, मोठ्या बाईने लहान मुलीसारखं का दिसायचं? पुरुषांना आवडावं म्हणूनच ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तर लांब.

दुसऱ्या भागापासून सुरू करते. पुरुषांना आवडावं म्हणून कपडे घालायचे तर याहून वाईट निवड शोधून सापडणार नाही. अंग गळ्यापासून पायापर्यंत झाकलेलं, कमरेचा आकार सोडला तर बाकी आकार फुग्यात गेलेला, आणि जवळ यायचं तर स्कर्टच दोन फूट लांब ठेवतो. बहुतेक जपानी पुरुषांना हे आवडत नाही, हे घालणाऱ्यांना चांगलं माहीत असतं, आणि काहींना ते सोयीचंही वाटतं. रस्त्यात त्रास देणारे भेटतातच, पण ते साध्या जीन्सलाही भेटतात.

आता ‘लहान मुलगी’. जपानीत ‘शोजो’ हा शब्द आहे. आपण त्याचं भाषांतर ‘मुलगी’ करतो आणि फसतो. १८९९मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा आला आणि बालपण संपल्यावर पण लग्नाआधी चार-पाच वर्षांची एक मोकळी खोली निर्माण झाली. त्या खोलीत राहणारी ती शोजो. सरकारचा हेतू चांगली पत्नी आणि शहाणी माता घडवायचा. मुलींनी मात्र त्या खोलीत स्वतःचं जग थाटलं: मासिकं, एकमेकींना पत्रं, रिबिनी, फुलं, जुनिची नाकाहारांनी काढलेल्या मोठ्या डोळ्यांच्या उदास मुली. शाळा संपली की खोली रिकामी करावी लागे. पुढे लग्न, सासर, ठरलेलं.

लोलिता घालणारी पस्तिशीची बाई बालपणात परत जाऊ पाहत नाही. ती त्या खोलीची किल्ली परत द्यायला नकार देते. पगार स्वतःचा, घरभाडं स्वतः भरते, कर भरते आणि उरलेल्या पैशांतून झालरी घेते. मला सर्वांत पटलेलं उदाहरण परत मिसाको आओकीचं: आठवड्यात रुग्णांची शुश्रूषा, सुटीत बॉनेट. या दोन गोष्टींत विरोध आहे असं आपल्याला वाटतं, तिला नाही.

मराठीत यासाठी शब्द आहे, हौस. ‘हौसेला मोल नाही’ हे वाक्य मी एकदा टोकियोतल्या मैत्रिणीला समजावून सांगितलं, तर तिने ते वहीत लिहून घेतलं. पण एक फरक आहे. आपली हौस बहुतेक वेळा घरादाराला धरून असते: लग्नातली, सणातली, डोहाळजेवणातली. ती चारचौघांत मान्य असते. हिची हौस कुठल्याच प्रसंगाची वाट पाहत नाही. मंगळवारी दुपारी, काहीही कारण नसताना, दीड तास खपून नटायचं आणि एकटीने जाऊन केक खायचा. बघणाऱ्याला खटकतं ते झालरींमुळे कमी, हे ‘कारण नसताना’ जास्त, असा माझा अंदाज आहे.

सगळ्याच जणी इतका विचार करतात असं नाही. ‘का घालतेस?’ विचारलं तर दहातल्या आठ जणी म्हणतील, ‘कावाई आहे म्हणून.’ तेही उत्तर पूर्णच आहे.

११. मुलगे घालतात का?

घालतात. मानाचं नाव वर आलंच आहे (प्रश्न ४), काळी लोलिता एका पुरुषानेच रुजवली. शिवाय ‘ओजी’ म्हणजे राजपुत्र, ही जुळी शैली आहे: गुडघ्यापर्यंतची पँट, झालरीचा शर्ट, वेस्टकोट, उंच टोपी. ती बायकाही आवडीने घालतात. ‘बेबी’चा ‘अ‍ॅलिस अँड द पायरेट्स’ हा ब्रँड दोन्ही ठेवतो.

१२. वयाची अट आहे का? मी ४३ वर्षांची आहे.

नाही. पैशांचं गणित पाहिलं तर (प्रश्न ८) चाळिशीच जास्त सोयीची. सुरुवातीच्या पिढीतल्या अनेक जणी आज याच वयाच्या आहेत आणि त्यांच्या कपाटात जे आहे ते विशीतल्या मुलींना स्वप्नातही मिळत नाही.

१३. नियम कोण ठरवतं? चुकलं तर लोक हसतात असं ऐकलं.

लेखी नियम कोणाचे नाहीत. पण गुडघा झाकलेला, खांदे झाकलेले, फुगा पुरेसा, कापड चांगलं, या अपेक्षा पक्क्या आहेत. ज्या कोऑर्डमध्ये हे साधलेलं नाही त्याला ‘इता’ म्हणतात, ‘इताई’ म्हणजे दुखणं यावरून. बघून डोळे दुखतात, असा अर्थ. इंटरनेटवर ‘इता’ फोटो टाकून टिंगल करण्याची सवय लागली होती आणि तिच्यामुळे किती नवख्या पोरी रडून परतल्या असतील. माझं मत विचाराल तर ही या जगातली सगळ्यात कुरूप गोष्ट, गुलाबी सॅटिनपेक्षा कितीतरी.

अलीकडे अपेक्षा सैल झाल्या आहेत. उन्हाळ्यात ब्लाउजशिवाय जेएसके, विगशिवाय केस, सगळं चालतं. आणि मुरलेल्या बायका नियम मोडतात तेव्हा त्याला शैली म्हणतात, हे तर कुठल्याही क्षेत्रात आहेच.

१४. जपानी माप मला बसेल का?

बरेच ब्रँड एकच माप काढतात. बघायचं ते पाठीकडे. तिथे इलास्टिकच्या चुण्या (‘शिअरिंग’) असतील तर झगा चांगला ताणतो, नसतील तर बारीक बांध्यालाच बसतो. ऑर्डर करण्यापूर्वी स्वतःची छाती, कंबर आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि जाहिरातीतल्या आकड्यांशी ताडा. ‘फ्री साइझ’ या शब्दावर विसंबू नका. उंच असाल तर स्कर्ट गुडघ्यावर राहतो, तेव्हा पेटीकोटाखाली आणखी एक लांब झालरीचा अस्तर-स्कर्ट घालायची युक्ती आहे. चिनी ब्रँड अनेक मापांत काढतात आणि काही मापानुसार शिवूनही देतात.

जाड बायकांना या फॅशनने फार प्रेमाने वागवलं असं म्हणता येणार नाही. म्हणूनच शिवून घेणं किंवा शिवायला शिकणं हा आजही सन्मानाचा रस्ता आहे.

१५. हुबेहूब तसाच ड्रेस चीनमधून चतकोर किमतीत मिळतो. घेऊ का?

चिनी आहे की जपानी हा प्रश्नच नाही, चोरलेलं आहे का हा आहे. चीनमध्ये आज स्वतःची डिझाइनं काढणारे असंख्य लोलिता ब्रँड आहेत. तिथे हानफू हा पारंपरिक चिनी पोशाख, शाळेच्या गणवेशासारखा जेके आणि लोलिता यांना मिळून ‘तीन खड्डे’ म्हणतात, कारण पैसा एकदा आत पडला की वर येत नाही. यांचा माल निर्धास्त घ्या. पण एखाद्या ब्रँडचं प्रिंट जसंच्या तसं छापलेलं असेल तर ती ‘रेप्लिका’, आणि ती घालून चहापार्टीला गेलात तर समोरची हसून बोलेल पण पुन्हा बोलावणार नाही. बिनप्रिंटचा साधा झगा असेल तर कोणी विचारत नाही. नुसत्या काळ्या झालरीवर मालकी कोण सांगणार?

१६. आपण भारतीयांनी घालणं योग्य आहे का? आणि खणाच्या कापडाचा शिवला तर?

हा ‘दुसऱ्याची संस्कृती पळवणं’ आहे का, असं विचारणारी पत्रं परदेशस्थ मराठी मुलींकडून जास्त येतात. जपानी घालणाऱ्या आणि दुकानदार यांना परदेशी गिऱ्हाईक दिसलं की आनंदच होतो. ‘बेबी’ने पॅरिस आणि सॅन फ्रान्सिस्कोत दुकानं थाटली ती काही उगाच नाही. २०१२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने या कपड्यांवर ब्रिटनच्या प्रभावाचं छोटं प्रदर्शनही भरवलं. म्हणजे जपानने ब्रिटनकडून उचललेलं ब्रिटनने काचेत ठेवून पाहिलं. हिजाबशी जुळवून लोलिता घालणाऱ्या मुस्लिम मुलीही आहेत, आणि त्यांचे कोऑर्ड अनेकदा इतरांपेक्षा सुंदर असतात. डोकं झाकायची सवय इथे कामाला येते.

गव्हाळ रंगाला फिका गुलाबी शोभत नाही, असं सांगणाऱ्या मावश्यांकडे दुर्लक्ष करा.

खणाबद्दल: का नाही? किमोनोच्या धाटणीचा ‘वा’ आहे, चिनी धाटणीचा ‘ची’ आहे. दोन अडचणी मात्र सांगते. खणाचा पन्हा कमी, त्यामुळे घेरासाठी बरेच जोड द्यावे लागतील आणि काठ कुठे आडवे घ्यायचे याचा विचार आधी करावा लागेल. दुसरं, खणाची वीण आणि काठ स्वतःच इतके बोलके की त्यावर लेस चढवली तर भांडण होतं. काठालाच झालर समजा, लेस ब्लाउजपुरती ठेवा. आणि आत पेटीकोट विसरलात तर ते नुसतं परकर-पोलकं होईल. तेही सुंदरच, पण ती लोलिता नव्हे.

१७. टोकियोला चाललोय. हाराजुकूत दिसतील का? फोटो काढू शकतो?

जुन्या फोटोंतलं दृश्य मनात असेल तर थोडी निराशा होईल. रविवारी गाड्यांना बंद होणारा तिथला रस्ता १९९८मध्ये त्यांच्यासाठी कायमचा उघडला आणि पुलावरची गर्दीही ओसरली. आज त्या दिसतात त्या दुकानांच्या आसपास, लाफोरे हाराजुकू ही इमारत त्यातली मुख्य, किंवा एखाद्या हॉटेलच्या चहाच्या दालनात.

फोटोसाठी विचारा. नुसतं कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान झुकवली तरी पुरतं. नाही म्हटलं तर नाही. मागून, जिन्याखालून, ट्रेनमध्ये चोरून काढू नका. आपल्याकडचे एक काका मला मोठ्या अभिमानाने असे अकरा फोटो दाखवत होते. अकराही पाठमोरे.

१८. धुवायचे कसे? आणि आपल्या उकाड्यात जमेल का?

मशीनमध्ये नाही. आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का पाहा. काळा-पांढरा आणि लाल-पांढरा हे सगळ्यात दगाबाज. सुटे होणारे बो काढून ठेवा, गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. बहुतेक जणी दर वेळी धुतच नाहीत: घामाचा भाग ब्लाउज आणि ब्लूमर्स झेलतात, झगा वाऱ्यावर टांगून ठेवतात.

उकाड्याचं म्हणाल तर टोकियोचा ऑगस्ट मुंबईच्या मे महिन्याला लाजवतो आणि तिथेही घालतात. सुती झगा, एकच ऑर्गँडीचा पेटीकोट, आखूड मोजे, छत्री. पॉलिएस्टर टाळा. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी पेटीकोट घेऊन चढायचा विचार मात्र सोडून द्या.

१९. ही फॅशन आता संपली ना?

२०१७मध्ये ‘केरा’ हे फॅशन मासिक आणि ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ छापील रूपात थांबली, रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो छापणारं ‘फ्रुट्स’ही त्याच वर्षी. तेव्हा सगळ्यांनी मृत्युलेख लिहून टाकले. हाराजुकूत गर्दी कमी झाली हे खरंच. पण मासिकाची जागा फोनने घेतली, नव्या डिझाइनची चीनने, आणि जुने झगे जगभर हात बदलत फिरताहेत. २००३चा झगा आज तिसऱ्या मालकिणीच्या अंगावर असतो आणि चौथी रांगेत असते.

२०. तुम्ही स्वतः घालता का?

एक आहे. तपकिरी, क्लासिक, बारीक फुलांचा, सेकंडहँड. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मागच्या लेसचा एक टाका निघालेला’. तो टाका मी अजून घातलेला नाही. पुण्याला परतताना पेटीकोट सामानात मावेना, तेव्हा त्याच्यात उशी गुंडाळून आणला. आता झगा गोदरेजच्या कपाटात आईच्या दोन पैठण्यांच्या शेजारी टांगलेला असतो आणि डांबराच्या गोळ्यांचा वास तिघांना सारखाच लागलाय. वर्षातून दोन-तीनदा घालते. खाली किराणा आणायलाही गेले होते एकदा. दुकानदाराने वर-खाली पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, पिशवी देऊ का?’